घरी शिकणाऱ्या मुलीला एक दिवस तिच्या मनाने शिकू द्यायचंय? असं करा

होमस्कूलिंग करणाऱ्या बऱ्याच घरांत शाळा सुटते, पण वेळापत्रक सुटत नाही. दहाला गणित, अकराला इंग्रजी, फक्त बाईंच्या जागी आई. महिन्यातला एखादा दिवस तरी ते वेळापत्रक बाजूला ठेवा आणि काय शिकायचं, कुठे, किती वेळ, हे मुलीलाच ठरवू द्या. आठ-नऊ वर्षांपासून हे छान जमतं. तयारी मात्र मोठ्यांनाच जास्त करावी लागते.

१. आदल्या रात्री मर्यादा सांगा, विषय नको

मर्यादा थोड्याच ठेवा: पैसे किती, घरी कधी यायचं, फोन कशासाठी मिळेल आणि बाहेर जाताना मोठं माणूस बरोबर. पर्यायांची यादी पुढे ठेवू नका. यादी दिली की आपल्याला काय आवडेल ते ओळखून मुली तेच निवडतात. मुंबईच्या राणीच्या बागेत जायचं म्हणाली तर बाग कधी बंद असते हे तिलाच शोधू द्या. ती बुधवारी बंद असते, आणि शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही.

२. सकाळी सुचवू नका

पहिला तास-दीड तास बहुधा काहीच घडणार नाही. ती लोळेल, "कंटाळा आला" म्हणेल. माझ्या मते दिवसातला सगळ्यात अवघड भाग हाच. इथे आपण काही सुचवलं की दिवस पुन्हा आपला होतो. आपलं काम घेऊन जवळपास बसा, बस्स.

३. प्रश्न आला की लगेच उत्तर देऊ नका

समजा तिने विचारलं, "दादर चौपाटीवर पाणी कधी जवळ, कधी लांब असतं, असं का?" लगेच चंद्र-पृथ्वीची आकृती काढायला बसू नका. "कसं शोधूया गं?" एवढंच विचारा. ती आजीला विचारेल, पुस्तक काढेल, किंवा जाऊन बघू म्हणेल.

अडली आणि मदत मागितली, तर किनाऱ्यावरचा जुना आडाखा सांगा: तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ अंदाजे मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच. मग ती स्वतःच दुसरी, तिसरी, चौथीची पाऊणपट करत बसेल आणि भरती रोज पाऊण तास पुढे सरकते हे तिला दिसेल. अपूर्णांकांचा इतका सराव सांगून होत नाही.

नंतर चौपाटीवर जाऊन दर अर्ध्या तासाला पाणी कुठवर आलं ते तिला वहीत टिपू द्या. आडाखा थोडा चुकलेला दिसेल. का चुकला, हा पुढचा प्रश्न तिचाच राहू द्या. पावसाळ्यात आणि उधाणाच्या दिवशी मात्र पाहायचं ते कठड्यामागूनच. हे तिने ठरवायचं नाही, आपण.

४. अर्ध्यावर सोडलं तर सोडू द्या

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ती एकाच खेळापाशी तासभर रमली आणि बाकी काही न बघता घरी जायचं म्हणाली, तर चला. तिकिटाचे पैसे वसूल करायला मुलीला फिरवू नका.

५. संध्याकाळी परीक्षा नको

आजी-आजोबा प्रेमानेच विचारतात, "आज काय शिकलीस?" त्यांना आधीच सांगून ठेवा: "आई, आज तिला ते विचारू नका, कुठे गेली होतीस एवढंच विचारा." ती झोपल्यावर स्वतःपुरतं लिहून ठेवा: कोणते प्रश्न आले, कुठे अडली, आपण कुठे मध्ये पडलो.

एक दिवस वाया गेला असं वाटलं तर लक्षात घ्या, शाळेत न जाता जिथून दहावी देता येते त्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (एनआयओएस) दहावीला प्रवेश घ्यायलाच किमान १४ वर्षं पूर्ण लागतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलीचं काही बुडत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरती-ओहोटीवर निबंध लिहायला सांगू नका. पुढचा असा दिवस कधी हवा, तेवढं तिला कॅलेंडरवर खूण करून ठेवायला सांगा.