टेम्पो दारात उभा राहतो तेव्हा: इंटिरियरचं सामान घेताना या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात एका काकूंचा फोन आला. "ताई, ओट्याखालच्या कपाटातून कसलातरी कुबट वास येतोय, जरा येऊन बघता का?" गेले. सिंकखालचं शटर उघडलं आणि तळाची फळी अंगठ्यानं दाबली, तर अंगठा आत गेला. भिजलेल्या वहीची पानं सुटावीत तसे प्लायचे थर सुटले होते. घर जेमतेम दीड वर्षाचं होतं आणि इंटिरियरचं काम माझंच होतं.

दुकानात मी पाहिलेला नमुना चांगला होता. भाव मरीन, म्हणजे ओल्या जागी टिकणाऱ्या, प्लायचा लागला होता. पण माल उतरला त्या दिवशी मी दुसऱ्या साइटवर होते. सुतारानं शीट मोजल्या, चलनावर सही केली आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या कापूनही झाल्या. बिलावर फक्त 'प्लाय १८ एमएम' एवढंच. ग्रेड नाही, आयएस म्हणजे भारतीय मानकाचा क्रमांक नाही. दुकानदाराशी भांडायला हातात काहीच नव्हतं. ती कपाटं मी माझ्या खर्चानं बदलून दिली. तेव्हापासून टेम्पो येणार असेल त्या दिवशी दुसरी मीटिंग घेत नाही. माझ्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या घरांमध्येही बहुतेक वेळा गडबड याच अर्ध्या तासात झालेली असते, माल उतरताना.

नमुन्यावर विसंबून प्लाय घेणं

ओल्या जागी, म्हणजे सिंकखाली, बाथरूमच्या व्हॅनिटीत (बेसिनखालच्या कपाटात), बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात, आयएस ७१० चं मरीन प्लाय लागतं. बाकी ठिकाणी आयएस ३०३ चं साधं प्लाय चालतं. हे दोन आकडे बिलावर लिहून घ्या. प्रत्येक शीटवर आयएसआय चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे की नाही, ते तिथल्या तिथे कळतं. पाच मिनिटांचं काम आहे. टेम्पोवाला घाई करतो, करू द्या.

मग कडा बघा. शीट आडवी धरून चारही बाजूंनी कडेवर नजर फिरवली की आतले थर दिसतात. थर कुठे एकमेकांवर चढलेले, कुठे फट राहिलेली, कुठे लांबी (पुट्टी) भरून लपवलेलं. अशा फटीत स्क्रू गेला की बिजागरी वर्षभरात सैल होते. पृष्ठभागाच्या लाल रंगावर जाऊ नका. पूर्वी वरचा थर गर्जन लाकडाचा असायचा आणि तो मुळात लालसर. त्या सवयीचा फायदा घेऊन हलक्या प्लायलाही लाल रंग चढवतात. जाडी कॅलिपरनं मोजा, टेपनं नको. १८ च्या नावाखाली साडेसोळा भरलेली शीट मी स्वतः परत पाठवली आहे.

शंका असेल तर दोन इंचाचा तुकडा कापून घरी पातेल्यात उकळायला ठेवा. मरीन प्लायनं प्रमाणित चाचणीत ७२ तास उकळत्या पाण्यात टिकायचं असतं. आपल्याला एवढं थांबायची गरज नाही. हलक्या डिंकाचा तुकडा तीन-चार तासांतच थर सोडायला लागतो.

आणि आता फळी फुगलेलीच असेल तर? आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. सिंकच्या वेस्ट पाइपची चकती, नळाचा कनेक्शन पाइप, ओटा आणि भिंतीमधला सांधा, या क्रमानं. कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर ठेवला की गळती सापडते. ती बंद न करता फळी बदलली तर नवी फळीही जाणार. बदलताना तळाची फळी भिंतीला टेकवू नका, आणि कापलेल्या कडांना सीलर लावल्याशिवाय बसवू देऊ नका. कापलेली उघडी कड हीच पाण्याची वाट असते.

फरशीचा एकच बॉक्स बघणं

ऑगस्ट २०२२ मधली गोष्ट. कोथरूडच्या एका घरात बेडरूमला ६०० बाय १२०० ची व्हिट्रिफाइड टाइल होती. तीन बॉक्स कमी पडले. या मापाच्या बॉक्समध्ये दोनच टाइल्स येतात, साधारण साडेपंधरा चौरस फूट. म्हणजे सहा टाइल्सचा प्रश्न. पण गॅस महागल्यामुळे गुजरातमधल्या मोरबीच्या कारखान्यांनी त्या महिन्यात उत्पादनच थांबवलं होतं. आपल्याकडची बहुतेक टाइल तिथूनच येते. विक्रेत्याच्या गोडाऊनमध्ये तेच डिझाइन होतं, पण बॅच वेगळी. शेजारी ठेवून पाहिलं तर नवी टाइल किंचित पिवळट, दिवसाच्या उजेडात लगेच कळणारी. शेवटी त्या सहा टाइल्स वॉर्डरोबच्या खाली जाणाऱ्या जागेत बसवल्या आणि तिथल्या मूळ बॅचच्या टाइल्स पुढे काढून वापरल्या. जमलं, कारण वॉर्डरोब अजून बसला नव्हता. आठवडाभर उशीर झाला असता तर जमलं नसतं.

म्हणून सरळ मांडणीला दहा टक्के जास्त मागवा, तिरकी किंवा हेरिंगबोन (झिगझॅग) मांडणी असेल तर पंधरा. बॉक्सवर शेड, बॅच आणि कॅलिबर असे तीन आकडे असतात. कॅलिबर म्हणजे प्रत्यक्ष माप. ते वेगळं असेल तर सांधे जुळत नाहीत, आणि मिस्त्रीनं कितीही जीव तोडला तरी रेष सरळ येत नाही. प्रत्येक बॉक्सचे तिन्ही आकडे जुळताहेत का ते गाडीतून उतरवतानाच बघा. आत गेल्यावर बॉक्स एकमेकांवर रचले जातात, आणि मग खालचे कोणी बघत नाही. काम संपल्यावर एक बॉक्स पलंगाखाली ठेवा आणि त्यावरचं लेबल फाडू नका.

बसवलेली टाइल पोकळ वाजत असेल तर नाण्यानं ठोकून कुठे कुठे आवाज येतो ते खडूनं आखा. एखादा कोपरा वाजत असेल तर थांबायला हरकत नाही. मधोमध मोठा भाग वाजत असेल तर टाइल काढावीच लागते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटला ती धरत नाही. ॲडहेसिव्ह लागतं, आणि तेही दाते असलेल्या थापीनं सगळीकडे सारखं पसरलेलं. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून बसवणं ही जुनी सवय अजून सुटलेली नाही.

ओला संगमरवर आणि आमसुलाचं आगळ

संगमरवर घ्यायला राजस्थानातल्या किशनगडला गेलात किंवा इथल्या यार्डात, मुलगा लगेच पाण्याची नळी आणून स्लॅब भिजवतो. ओला दगड सुंदरच दिसतो. त्याला सांगा, वाळू दे, चहा पिऊन येतो. भेगा, भरलेल्या जागा, मळकट डाग वाळल्यावरच दिसतात. निवडलेल्या प्रत्येक स्लॅबच्या पाठीमागे नंबर घालून सही करा आणि फोटो काढा. मोजणीआधी तुटलेले कोपरे वजा करायचे की नाही हेही ठरवा. भाव दर फुटाला ठरतो, पण फूट कसे मोजायचे यावर कोणी बोलत नाही.

स्वयंपाकघरात पांढरा संगमरवर हवा असा आग्रह हल्ली वाढलाय. मी नाही म्हणते, आणि माझं म्हणणं पटवायला एक तुकडा घरी देते. त्यावर लिंबाचा थेंब आणि आमसुलाच्या आगळाचा थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसा. लिंबाच्या जागी चकाकी गेलेली असते, आगळाच्या जागी चकाकीही गेलेली आणि गुलाबी डागही. संगमरवर आम्लाशी टिकत नाही. कोटा दगडही नाही, तो चुनखडीचाच. ज्या घरात सोलकढी होते तिथे ओट्याला ग्रॅनाइटच.

सूत आणि मिलिमीटर

कॅटलॉग मिलिमीटरमध्ये असतो आणि सुतार इंच-सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरपेक्षा जरासं जास्त. टेलिस्कोपिक चॅनलला, म्हणजे खण (ड्रॉवर) ज्यावर सरकतो त्या पट्टीला, खणाच्या प्रत्येक बाजूला साडेबारा ते तेरा मिलिमीटर जागा लागते, म्हणजे बरोबर चार सूत. साडेतीन ठेवली तर खण अडतो, पाच ठेवली तर चॅनल ताणला जाऊन त्यातल्या बेअरिंगच्या गोळ्या सुटतात. अडणाऱ्या खणाला तेल घालून काही होत नाही. खण बाहेर काढा, कपाटाची आतली रुंदी पुढे आणि मागे मोजा. पुढे आणि मागे एक सुताचा फरक निघाला, तर चॅनल ठीक आहे, कपाटच वाकडं उभं आहे. आधी पायथा लेव्हल करा.

वॉर्डरोबचं उंच दार धनुष्यासारखं वाकलंय? आतल्या बाजूला काय लावलंय ते बघा. बाहेर लॅमिनेट आणि आत नुसता रंग असेल तर वाकणारच, कारण दोन बाजूंवर ओढ सारखी नाही. आतूनही लॅमिनेट हवं. थोडा बाक बिजागरीच्या स्क्रूनं निभावतो, जास्त असेल तर दार नवं करावं लागतं.

बिजागऱ्यांचं सोपं आहे. झिरो, आठ आणि पंधरा क्रँक (क्रँक म्हणजे बिजागरीच्या हाताचा बाक) यांतली कोणती किती नग ते आधी मोजून लिहा, नाहीतर शेवटच्या दिवशी कोणीतरी पुण्यातल्या बोहरी आळीच्या हार्डवेअर बाजारात पळतो आणि मिळेल ती घेऊन येतो.

माझे राजस्थानी सुतार होळीला आणि दिवाळीला गावी जातात. पंधरा दिवस सांगून जातात, परततात महिन्यानं. त्यांचा दोष नाही, वर्षातून दोनदाच घर बघतात. दोष तारखा न विचारता पाडव्याचा गृहप्रवेश कबूल करणाऱ्याचा. आणि त्यांचे पैसे टप्प्याटप्प्यानं पण वेळच्या वेळी द्या. मालाचे पैसे थकले तर दुकानदार थांबतो, मजुरीचे थकले तर चांगला कारागीर कायमचा जातो.

कमिशनबद्दल न बोलणं

हे लिहिल्यानं आमच्या धंद्यातले काही जण नाराज होतील. पुष्कळ दुकानं डिझायनरला कमिशन देतात. ग्राहकाला ते माहीत नसतं आणि ते त्याच्याच बिलात धरलेलं असतं. नुकसान पैशापुरतं राहत नाही. ज्या दुकानातून कमिशन घेतलं तिथे खराब शीट परत करताना आवाज चढत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. ओट्याखालच्या त्या प्रकरणानंतर मी माझी फी वाढवली आणि कमिशन बंद केलं. दुकानदार देणार असेल तर तेवढी सूट ग्राहकाच्या बिलावर. तुम्ही घर करत असाल तर पहिल्याच भेटीत विचारा, 'सामानावर तुम्हाला काही मिळतं का?' प्रामाणिक माणूस या प्रश्नानं दुखावत नाही. कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय का, हेही त्याच वेळी विचारा. प्लायवर १८ टक्के आहे, आणि कच्च्या बिलावर वाचवलेला तो पैसा म्हणजे तक्रार करायचा हक्क सोडून देणं.

रत्नागिरीची दारं

सध्या रत्नागिरीजवळ एका जुन्या घराचं काम चालू आहे. जांभ्याच्या भिंती, कौलं, आणि मालकांची इच्छा की नवी दारं सागवानाचीच, तीही गणपतीआधी. चंद्रपूरकडचा साग घेतला. व्यापारी त्याला अजून सीपी टीक म्हणतात, जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सच्या नावावरून. त्याच बाजारात आफ्रिकेतून, दक्षिण अमेरिकेतून आलेला सागही असतो, म्हणून कुठला ते बिलावर लिहून घेतलं. मोजणीही समोर केली. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार, भागिले १४४ म्हणजे घनफूट. साडेसात फुटी, चार बाय तीनचा नग शून्य पूर्णांक बासष्ट भरतो. दहा-बारा नगांमध्ये थोडं थोडं वर धरलं की रक्कम बरीच फुगते.

लाकूड जुलैमध्ये उतरलं. मी ओलावा मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरच्या सुया टोचल्या, आकडा २२ टक्के. दारं घडवायला १२ च्या आसपास हवा. २२ वर घडवलेलं दार एप्रिलमध्ये आकसतं, पॅनलच्या कडेला फट पडते आणि ती पॉलिशनं बुजत नाही. मालकांना मीटर दाखवला. आजोबा म्हणाले, "पण गणपती दाराशिवाय कसा आणायचा, ताई?" प्रश्न बरोबरच होता. दोन साधी फ्लश डोअर्स (सपाट तयार दारं) तात्पुरती टांगली, रंग दिला, तोरण लावलं. गणपती आले आणि गेले.

लाकूड पडवीत रचून ठेवलंय, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल असं. दर पंधरा दिवसांनी घरातला मुलगा मीटर टोचतो आणि फोटो पाठवतो. कालचा आकडा १४ आहे. सुताराला होळीनंतरची तारीख दिली आहे.