स्प्रिंग बदलल्यावर गाडी डावीकडे ओढायला लागली, माझा अनुभव

रत्नागिरीजवळ घराकडचा रस्ता म्हणजे खड्डे आणि जांभ्याचे दगड, म्हणून गाडीला कंपनीचे सोडून बाजारातले उंच स्प्रिंग टाकले. दोन हजार किलोमीटरात पुढच्या टायरांची बाहेरची कड खाल्ली आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. अलाइनमेंटवाल्याने (चाकांचे कोन जुळवणारा) फक्त टो सेट केला, म्हणजे वरून बघता पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीत ते; कॅम्बर, म्हणजे समोरून बघता चाक किती तिरकं उभं आहे ते, याच्यात होत नाही म्हणाला. बरोबरच, आपल्या गाडीत कंपनीची तशी सोयच नाही.

मग कॅम्बर बोल्ट मागवले, एक्सेंट्रिक वाले (फिरवला की चाकाचा तिरकेपणा बदलतो), स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरचा खांब) खालच्या दोन बोल्टांपैकी वरच्या जागी बसतात. आधी कॅम्बर, मगच टो, कारण कॅम्बर हलला की टो पण हलतो. टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा, तो फिरवून टो बदलतो) लॉकनट खाऱ्या हवेने असा गंजलेला की रात्रभर तेल सोडून ठेवलं तेव्हा सकाळी सुटला. चाकांखाली मध्ये ग्रीस लावून दोन-दोन लाद्या ठेवल्या, म्हणजे चाक वळताना अडकत नाही, आणि अंगण सपाट आहे का ते गवंड्याच्या लेव्हल पाइपने बघितलं (बायको म्हणे आता घर बांधताय का). पुढच्या दोन चाकांच्या रिममधलं अंतर पुढून आणि मागून मोजलं, त्यात ७ मिमी फरक होता, दोन्ही रॉड सारखे फिरवून २ वर आणला. दरवेळी बोनेट दाबून गाडी दोनदा हलवा, नाहीतर माप खोटं येतं.

स्टिअरिंग आता सरळ आहे. टायर मात्र गेलेच.