ट्रम्पेटनंतर ट्युबा: पन्नाशी-साठीत शिकायचा असेल तर

ट्रम्पेट किंवा कॉर्नेट बरीच वर्षं वाजवलाय आणि आता या वयात ट्युबा (खर्जाचं मोठं पितळी फुंकवाद्य) घ्यायची हौस आलीय, अशांसाठी हे लिहितोय. नोटेशन, ताल, व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायच्या कळा) येतात असं धरून चालतो. "काही नाही हो, तेच वाद्य जरा मोठं आहे" असं जो कोणी सांगेल त्याचं ऐकू नका, कारण बोटं जवळपास तीच असली तरी फुंक पार उलटी आहे.

वाद्य घेताना चार व्हॉल्व्हचाच घ्या. एक-तीन आणि एक-दोन-तीन असे व्हॉल्व्ह एकत्र दाबले की ट्युबावर सूर चढा लागतो, चौथ्या व्हॉल्व्हने ते बरंच आटोक्यात येतं. बी फ्लॅट ट्युबाची नळी साधारण 18 फुटांची, म्हणजे ट्रम्पेटच्या चौपट, आणि वजन 10 किलोच्या आसपास. पाठ किंवा गुडघे कुरकुरत असतील तर त्याहून लहान ई फ्लॅट ट्युबा बघा, आणि स्टँड सरळ विकत घ्या, त्यात लाजायचं काय.

बसताना माउथपीस तोंडापर्यंत यायला हवा, तुम्ही वाकून त्याच्याकडे जायचं नाही. मान वाकली की घसा आवळलाच.

बेस क्लेफ (खालच्या सुरांची नोटेशन-खूण) नवीन म्हणूनच शिका, मनातल्या मनात ट्रम्पेटचा सूर काढून बदलत बसू नका. बी फ्लॅट ट्युबावर दुसऱ्या रेषेवरचा बी फ्लॅट ओपन (एकही व्हॉल्व्ह न दाबता), स्टाफच्या (पाच रेषांच्या) लगेच खालचा एफ ओपन, त्याखालचा सी चौथ्याने. एवढ्यावर सुरुवात होते.

आता खरी अडचण. मलाही सगळ्यात जास्त छळलं ते इथेच.

ट्रम्पेटवाल्याला दाबून फुंकायची सवय असते. थोडीशी हवा, जोर भरपूर, आणि वाद्य समोरून अडवतं म्हणून तो जोर पचतो. ट्युबा तसं काही अडवत नाही. माउथपीसच आतून 32-33 मिलिमीटरचा, ट्रम्पेटचा 16-17. जुन्या सवयीने फुंकलं की सूर पातळ, चढा आणि चिरका येतो, मग माणूस अजून जोर लावतो, ओठ अजून आवळतो, आणि दहा मिनिटांत डोकं गरगरतं. इथे कोणीतरी हमखास सल्ला देतं, "पोटाने ढकल." अजिबात ढकलू नका! हवा जास्त हवी, दाब कमी.

चष्म्याची काच पुसायच्या आधी तिच्यावर "हाऽ" करतो ना, ती गरम, रुंद, आळशी हवा, तीच हवी. दाढांमध्ये बोटभर अंतर, जबडा खाली, ओठांचे कोपरे धरलेले पण मधला भाग सैल. जीभ "ती" म्हणत असेल तर "दो" म्हणायला लावा. श्वास आत घेताना "सस्स" आवाज आला तर घसा बंद आहे, "हो" च्या आकारात घ्या, आवाज खालचा यायला हवा. आधी वाद्याशिवाय करा, मग तोच स्टाफखालचा एफ मध्यम आवाजात धरा.

आणि धरायचा तो दम संपेपर्यंत नाही. सूर बारीक व्हायला लागला की थांबायचं. फुफ्फुस भरलेलं असताना हवा आपोआप बाहेर येते, अर्ध्याच्या खाली गेलं की स्नायूंनी पिळून काढावी लागते आणि तिथेच घसा परत आवळतो. वय वाढलं की दमसास कमी होतो हे खरंय, पण शिकागो सिंफनीत 1944 ते 1988 ट्युबा वाजवणारे आर्नोल्ड जेकब्स यांची फुफ्फुसाची क्षमताही कमीच होती. ते भरपूर आणि वारंवार श्वास घ्यायचे. तुम्हीही घ्या, पेन्सिलने जागा आधीच मार्क करा, गरज वाटायच्या आधीची जागा. सूर तोडायला नको म्हणून ताणत बसणं ही ट्रम्पेटची ऐट झाली, इथे ती कामाची नाही.

गरगरलं तर ट्युबा खाली ठेवा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. काचबिंदू, हर्निया, बीपी असं काही असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारा, "फुंकवाद्यच तर आहे" म्हणून सोडून देऊ नका.

पाणी खूप साचतं, फक्त वॉटर की (पाणी सोडायची कळ) दाबून भागत नाही, स्लाइड काढून झटका.

ट्रम्पेट सोडायचा नसेल तर त्याच दिवशी आधी ट्रम्पेट, मग ट्युबा. उलट केलं तर ओठ सुस्तावतात आणि छोटा माउथपीस परका वाटतो, निदान माझं तरी असंच होतं.

बँडमध्ये दुसऱ्या ट्युबाच्या शेजारी बसायला मिळालं तर सोडू नका. कोण कुठे श्वास घेणार ते आधी ठरवून घ्या, दोघांनी एकाच बारला घेतला की खर्जच गायब होतो आणि कंडक्टर तुमच्याकडे बघतो.