प्रलयकथेत इतिहास किती, हे कसे तपासावे

कोल्हापुरात वाढलेल्या बहुतेकांनी करवीर क्षेत्राची, म्हणजे कोल्हापूरचीच, कथा ऐकलेली असते: प्रलयात सारी पृथ्वी पाण्याखाली गेली, पण हे क्षेत्र देवीने उचलून धरले आणि ते बुडाले नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा नदीवरील राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या पुढे गेलेली ज्यांनी पाहिली, त्यांना या कथेमागे एखादा खरा महापूर असेल का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. श्रद्धेला पुराव्याची गरज नसते. पण प्रश्न इतिहासाचा असेल, तर तो रीतसर विचारला पाहिजे. मनूच्या मत्स्यकथेपासून गावच्या दंतकथेपर्यंत कोणतीही पूरकथा तपासताना उपयोगी पडणारी रीत येथे मांडली आहे.

आरंभ कथेच्या सर्वांत जुन्या उपलब्ध रूपापासून करावा. मनूची कथा आपल्याला बहुधा पुराणांतून माहीत असते, परंतु तिचे जुने रूप शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात आहे. तिथे हात धुण्याच्या पाण्यात मनूला एक छोटा मासा सापडतो, मोठा झाल्यावर तोच मासा मनूची नाव उत्तरेकडच्या पर्वतापाशी नेतो आणि पाणी ओसरेल तसतसा मनू खाली उतरतो. सप्तर्षी आणि बीजे महाभारताच्या वनपर्वात येतात; तिथे मासा स्वतःला प्रजापती ब्रह्मा म्हणवतो, तर विष्णूचा अवतार ही त्याची ओळख पुराणांत रूढ होते. भागवतात नायक द्रविड देशाचा राजा सत्यव्रत असून प्रसंगाची सुरुवात कृतमाला नदीवर होते. असे थर ओळखल्याशिवाय नंतर जोडलेल्या तपशिलावरून प्रलयाचे ठिकाण शोधू लागलो, तर शोध पहिल्याच पावलाला चुकतो.

त्यानंतर कथेतील तपासता येण्याजोगी विधाने वेगळी लिहून काढावीत. पाणी नदीचे, पावसाचे की समुद्राचे? ते एका रात्रीत आले की हळूहळू चढले? कोणत्या गावाचे किंवा डोंगराचे नाव आहे? ज्या कथेत असे काहीच सापडत नाही, तिची पडताळणी होऊ शकत नाही, आणि तसे स्पष्ट नोंदवून थांबणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

विधाने हाती आली की जमिनीकडे वळावे, आणि येथेच सर्वाधिक सावधगिरी लागते. १९२९ मध्ये पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली यांना इराकमधील उर येथे काही मीटर जाडीचा स्वच्छ गाळाचा थर सापडला आणि बायबलमधील जलप्रलयाचा पुरावा मिळाला, असे जगभर गाजले. मात्र उरपासून जवळच असलेल्या एरिडू या प्राचीन शहरात तसा थर नाही. त्याच प्रदेशातील शुरुप्पाक या प्राचीन शहरातील पुराचा थर सुमारे इ. स. पू. २९०० चा आहे आणि उरचा थर त्याहून कित्येक शतके जुना आहे. म्हणजे ते एकाच पुराचे अवशेष नव्हेत. तरीही शुरुप्पाकच्या थराला महत्त्व आहे, कारण गिल्गमेश या प्राचीन मेसोपोटेमियन महाकाव्यातील प्रलयातून वाचलेला माणूस त्याच शहराचा आहे, असे खुद्द काव्यच सांगते. युफ्रेटिस आणि टायग्रिसच्या सपाट खोऱ्यात पूर वारंवार येत. गाळाचा थर एवढेच सांगतो की तिथे पाणी आले होते. ते कथेतलेच पाणी होते, हे सिद्ध करण्यासाठी स्थळ आणि काळ दोन्ही जुळावे लागतात.

असे जुळू शकते, याचे उत्तम उदाहरण उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. तिथल्या आदिवासींच्या कथांत गरुडासारखा महापक्षी आणि देवमासा यांची झुंज होते, धरणी हादरते आणि समुद्र वस्तीवर चालून येतो. किनाऱ्यालगत खचून खाऱ्या पाण्यात मेलेली झाडे आणि त्सुनामीने पसरलेला वाळूचा थर सापडला. झाडांच्या वाढीच्या वलयांवरून ती १६९९ चा वाढीचा हंगाम संपल्यावर आणि १७०० चा सुरू होण्यापूर्वी मेली, हे ठरले. आणि जपानमध्ये भूकंप जाणवलेला नसताना लाटा आल्याच्या तिथल्या लेखी नोंदींवरून या भूकंपाची २६ जानेवारी १७०० ही तारीख निश्चित झाली. कथा, जमीन आणि लेखी नोंद हे तीन साक्षीदार परस्परांपासून स्वतंत्र आहेत, म्हणून हा निष्कर्ष भक्कम आहे.

कोल्हापूरकरांना आणखी एक चाचणी घरबसल्या करता येते, आणि माझ्या मते हजारो वर्षांपूर्वीच्या कथेवर मत देण्याआधी ती जरूर करावी. प्रयाग चिखलीत किंवा शिरोळ तालुक्यातील एखाद्या गावात २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांबद्दल वेगवेगळ्या घरांत स्वतंत्रपणे विचारावे: पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, कोणत्या बाजूने आले, किती दिवस राहिले, कृष्णेची फुग (तिच्या पुरामुळे मागे तुंबलेले पाणी) होती का. उत्तरे भिंतीवरच्या खुणांशी आणि बंधाऱ्यावरच्या नोंदींशी ताडून पाहावीत. लोकांना ठिकाण आणि खूण नेमकी आठवते का, दोन पुरांची वर्षे एकमेकांत मिसळतात का, हे यातून कळेल. पूर ओसरल्यावर रानात साचलेल्या मळीचा, म्हणजे गाळाचा, एक उभा काप घेऊन त्यातील बारीक थरही पाहून घ्यावेत, म्हणजे उत्खननाच्या अहवालातील ‘गाळाचा थर’ हे शब्द वाचताना डोळ्यांसमोर नेमके काहीतरी येते.

कथा बाहेरून आली असण्याची शक्यताही विसरू नये. जवळजवळ राहणारे समाज एकमेकांच्या कथा उचलतात, त्यामुळे दहा ठिकाणी सारखी कथा सापडणे म्हणजे दहा साक्षी नव्हेत. शिवाय पूर हा नदीकाठच्या प्रत्येक समाजाचा अनुभव असल्याने, जगभर प्रलयकथा आहेत एवढ्यावरून जगभर एकच प्रलय झाला, असे म्हणता येत नाही; तशा एका वैश्विक प्रलयाचा भूवैज्ञानिक पुरावा नाही.

आता हीच रीत करवीरच्या कथेला लावू. कथेत काळाचा निर्देश नाही, पाणी कुठून आले हे नाही, आणि तिच्याशी जोडता येईल असा दिनांकित थरही हाती नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. त्यावरून लोक या नदीच्या शेजारी किमान दोन हजार वर्षे राहत आले, एवढे ठामपणे म्हणता येते. देवीच्या देवळाचा परिसर नदीघाटापेक्षा उंचावर आहे. तेव्हा नोंदवहीत असे लिहावे: विशिष्ट घटना सिद्ध होत नाही, सभोवार पाणी पसरले असता उंचावरची जागा कोरडी राहते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव कथेत उतरला असणे शक्य आहे, पण ते अनुमान आहे, ब्रह्मपुरीच्या परिसरात पुराचा काळ ठरवता येईल असा थर मिळाल्यास हा निष्कर्ष पुन्हा तपासावा.