कोकणातल्या कॉलेजचा निरोप समारंभ: तारीख, मांडव, फिशपाँड आणि संध्याकाळचा समुद्र

निरोप समारंभाची वेळ ठरवायला बसलात की कागदावर सगळ्यात आधी लिहा, सर्वांत लांबच्या वाडीला जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते. शेवटच्या वर्षाची कितीतरी मुलं-मुली सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) नाहीतर खाडीपलीकडून येतात. गाडी पावणेसहाची असेल तर सव्वापाचला मांडव रिकामा व्हायला हवा, म्हणजे आभार पाच वाजता. तिथून उलट मोजत या: फिशपाँड (एकमेकांवरच्या गमतीच्या चिठ्ठ्या माइकवर वाचणं) चारला, नाच-गाणी अडीचला, जेवण एकला, सुरुवात साडेदहाला. ‘संध्याकाळी डीजे लावू’ ही सूचना दरवर्षी येते. ती मान्य केली की ज्यांना निरोप द्यायचा तेच आधी उठून जातात, आणि मागे फक्त हॉस्टेलची आणि गावातलीच मुलं उरतात. संध्याकाळच हवी असेल तर एसटी आगाराकडून प्रासंगिक करारावर, म्हणजे तेवढ्या फेरीपुरती भाड्याने, गाडी घ्या. अर्जात मार्ग, निघायची-परतायची वेळ आणि प्रवासीसंख्या लिहा. हिवाळ्यात शाळांच्या सहलींना गाड्या गेलेल्या असतात, म्हणून महिनाभर आधीच चौकशी करा.

तारखेत दोन अडचणी असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची लेखी परीक्षा असते. आपलं कॉलेज परीक्षा केंद्र असेल तर पेपरच्या दिवशी स्पीकरचा विचारच नको. पुढे फाल्गुनात शिमगा. पालख्या निघाल्या की मांडववाला, साउंडवाला, ढोलवाले कुणीच हाती लागत नाहीत, आणि निम्मा वर्ग आपापल्या गावी असतो. परीक्षा सुरू होण्याआधीचा आठवडा सगळ्यात सोयीचा.

मांडवाची खरी परीक्षा दुपारी होते. दोननंतर समुद्राकडून खारा वारा जोर धरतो. चारही बाजूंनी कापड लावलेला मांडव त्या वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि खांब ओढतो. वर हिरवी शेडनेट टाका, पश्चिमेची आणि पूर्वेची बाजू उघडी ठेवा म्हणजे वारा आरपार जाईल, फ्लेक्सला जागोजागी अर्धगोल कापे द्या. मैदान कातळाचं असेल तर पहार आत जातच नाही. अशा वेळी खुंट्या दोन बोटं ठोकून काम उरकलं जातं आणि दुपारी सगळं कलंडतं. प्रत्येक कोपऱ्यातला खांब २०० लिटरच्या पाणी भरलेल्या पिंपाला दोन जागी बांधा. पिंप म्हणजे २०० किलो वजन, आणि कार्यक्रम संपल्यावर तेच पाणी झाडांना घालता येतं. ताणाचे दोर जाण्यायेण्याच्या वाटेवर आणू नका. स्टेज पश्चिमेला नको. तीननंतर प्रेक्षकांच्या थेट डोळ्यांवर ऊन येतं. उत्तरेला किंवा दक्षिणेला बांधा आणि माइकला फोमची टोपी घाला, नाहीतर भाषणभर नुसता वाऱ्याचा फरफराट ऐकू येईल.

दोनशे माणसांना स्पीकर दोन टॉप आणि एक बेस एवढे पुष्कळ झाले. शिक्षणसंस्थेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात मोडतो आणि तिथली दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. त्यामुळे स्पीकर शक्यतो सभागृहाच्या आत, तोंड आतल्या बाजूला ठेवून लावा, आणि पोलीस ठाण्यात प्राचार्यांच्या सहीचा अर्ज पंधरा दिवस आधी द्या. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. मैदानात करायचंच असेल तर जाखडी, म्हणजेच बाल्या नाच, ठेवा. एक ढोलकी, झांजा, घुंगरं आणि गोल फेर धरलेली दहा-बारा मुलं एवढ्यावर मैदान भरतं. घरी बाल्या नाच शिकलेली मुलं बहुतेक वर्गांत सापडतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

वीज घेताना मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना, हे वायरमनकडून बघून घ्या. खाऱ्या हवेत प्लगच्या पिना गंजतात, जोड सैल होऊन तापतो आणि ऐन गाण्यात आवाज जातो. पिना आदल्या दिवशी पॉलिश पेपरने घासा.

जेवणात भाताचा बेत सोपा: पुलावाला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे दोनशेंना २० किलो. सोबत काळ्या वाटाण्याचं सांबार, त्याला माणशी ४० ग्रॅम सुके वाटाणे. ते आदल्या सकाळीच भिजवा, कमी भिजले तर कितीही शिजवा, कडकच राहतात. सोलकढी टाळा. नारळाचं दूध उन्हात दोन-तीन तासांत आंबतं. कोकम सरबत करा. इथे एक चूक फार वेळा होते: बाटली न बघता आगळ आणलं जातं. आगळात मीठ असतं, साखर नसते. ते सोलकढीचं. सरबताला साखरेचं कोकम सिरप लागतं, एका भागाला पाच भाग पाणी. २०० मिलीचे दोनशे ग्लास म्हणजे ४० लिटर, त्याला सुमारे ७ लिटर सिरप. जिरेपूड आणि मीठ आधी वाटीभर पाण्यात कालवून मग ओता, कोरडं टाकलं तर गुठळ्या तरंगतात. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे १२ जार वेगळे.

फिशपाँडवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण लोकांच्या लक्षात वर्षानुवर्षं राहतं ते हेच. पेटी तीन दिवस आधी बंद करा. चिठ्ठ्या वाचायला एक मुलगा, एक मुलगी आणि एक शिक्षक बसवा. चिठ्ठी माणसाच्या सवयीबद्दल असेल तर ठेवा, त्याच्या असण्याबद्दल असेल तर फाडा. ‘प्रॅक्टिकलला ॲप्रन नेहमी दुसऱ्याचा’ ही चालते. रंग, जाडी, जात, घरची परिस्थिती, मार्क, कुणाचं कुणाशी जुळलंय, आणि मालवणी किंवा संगमेश्वरी बोलण्याची टिंगल यांतलं काहीही माइकवर जाता कामा नये. गावातल्या मुलीचं नाव एखाद्या मुलाशी जोडून वाचलं तर ते संध्याकाळपर्यंत तिच्या घरी पोचतं, आणि त्याची किंमत ती एकटी मोजते. मग वर्गाची यादी समोर ठेवून टिक करा. ज्यांच्या नावाची एकही चिठ्ठी नाही त्यांच्यासाठी मित्रांना विचारून चांगली लिहून घ्या. साठ चिठ्ठ्यांना अर्धा तास पुरतो.

वर्गणी ऐच्छिक ठेवा आणि कुणी दिली नाही याची यादी लावू नका. ज्युनिअरांकडून जबरदस्तीने पैसे किंवा काम काढून घेणं महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यानुसार रॅगिंग ठरू शकतं.

कार्यक्रमानंतर मुलं समुद्रावर जाणारच, म्हणून तेही आधीच ठरवा. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करा: पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. मालवणकडे ती थोडी आधी येते. भरतीनंतर पाणी ओसरताना ओढ आत नेते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ती सगळ्यात जोरकस. संध्याकाळी घोट्याच्या वर पाण्यात कुणीही जायचं नाही. कुणी ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडायचं. बघणाऱ्यांनी मागोमाग उडी न घेता दोर किंवा रिकामा कॅन फेकावा आणि ११२ ला फोन करावा.

दारू समारंभात नको, नंतरही नको. राज्यात बिअरला २१ आणि कडक मद्याला २५ वर्षं पूर्ण लागतात, उघड्यावर पिणं गुन्हा आहे, आणि घाटातली वळणं बाइकवर चूक माफ करत नाहीत. तरी कुणी पिऊन बेशुद्ध पडलं तर त्याला कुशीवर झोपवा, मिठाचं पाणी पाजू नका, एकटं सोडू नका, १०८ ला बोलवा.

वेळास, आंजर्ले, गुहागर यांसारख्या किनाऱ्यांवर याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. तिथे शेकोटी, हॅलोजन आणि स्पीकर पूर्ण बंद ठेवा, अंडी जपायला जाळी लावलेल्या जागेपासून लांब बसा आणि अंधार पडायच्या आत वाळूवरून उठा.