मुंबईच्या पावसात टिकणारं ग्राउंड ऑर्किड: घरी कसं लावायचं

ऑर्किड म्हटलं की लोकांना आठवतं ते कोळशाच्या कुंडीत लटकणारं, नर्सरीत महाग मिळणारं आणि घरी आणलं की थोड्या दिवसात मान टाकणारं झाड. ते राहू दे बाजूला. रोज लाड करायला वेळ नसेल तर स्पॅथोग्लॉटिस लावा, नर्सरीत नुसतं 'ग्राउंड ऑर्किड' म्हटलं तरी बहुतेक हेच देतात. पानं लांब, चुण्या पडलेली, नारळाच्या कोवळ्या रोपासारखी दिसतात, त्यामुळे फूल नसताना कोणी ऑर्किड म्हणून ओळखत पण नाही. फुलं जांभळी, गुलाबी, पिवळी, पांढरी, आणि एका दांड्यावर खालून वर एकेक करत उमलतात म्हणून दांडा कितीतरी आठवडे चालू राहतो.

नेटवर शोधलंत तर सिप्रिपेडियम, ब्लेटिला असली नावं येतील, फोटो बघून मोह होतो, पण ती थंडी सोसणारी झाडं आहेत, हिवाळ्यात नीट गारठा मिळाला नाही तर दमतात. मुंबईत कुठला गारठा! त्यांचे कंद ऑनलाइन मागवून पैसे घालवू नका.

आता मुख्य गोष्ट, माती. मुंबईत चार महिन्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि या झाडाला पावसाचं काही वाटत नाही, साचलेल्या पाण्याचं वाटतं. त्यामुळे नुसती लाल माती भरली की जुलैपर्यंत ती चिखल होऊन घट्ट बसणार आणि मुळं कुजणार. मी साधारण दोन भाग लाल माती, एक भाग विटांचे बारीक तुकडे, एक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत घेते. कोकोपीट जपून, पावसात ते स्पंजसारखं पाणी धरून बसतं. कुंडी दहा-बारा इंची, भोकं मोठी, तळाला विटांचे तुकडे, आणि पावसाळ्यात कुंडीखालची प्लेट काढून टाका म्हणजे टाकाच, फरशी खराब होते म्हणून परत ठेवायची नाही.

लावताना कंद पूर्ण पुरायचा नाही. अर्धा वर दिसला पाहिजे, मुळं फक्त मातीत. बटाट्यासारखा खोल गाडला तर नवीन कोंब मातीतच सडतो, नर्सरीतून आणलेली रोपं मरतात त्यात बऱ्याचदा हेच कारण असतं. सोसायटीच्या खालच्या बागेत लावायचं असेल तर वाफा जमिनीपासून थोडा उंच करून घ्या.

ऊन भरपूर द्या, निदान सकाळचं तीन-चार तास. सावलीत पानं मस्त हिरवीगार होतात पण फुलं येत नाहीत, आणि मग लोक खत वाढवत बसतात! पश्चिमेची बाल्कनी असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हाने पानं भाजतात, तेवढ्यापुरती हिरवी नेट बांधा. उन्हाळ्यात रोज पाणी, थंडीत वरची माती सुकली की. टँकरचं किंवा बोअरिंगचं खारट पाणी असेल तर पानांची टोकं काळी पडतात, त्यापेक्षा नळाचं भरून ठेवलेलं बरं. खत म्हणजे 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी, तेही वाढ चालू असताना. धो धो पावसात खत घालणं म्हणजे गटाराला खत घालणं.

कळ्यांवर मुंग्या दिसतील, घाबरू नका, कळ्यांवर गोड रस सुटतो त्यासाठी येतात. पण पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, नीम ऑइल आणि साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. पावसाळ्यात गोगलगायी कोवळे कोंब खातात, रात्री टॉर्च घेऊन उचलणं हाच उपाय, दुसरं काही एवढं चालत नाही.

कुंडी कंदांनी गच्च भरली की वेगळं करा, त्याआधी उगाच उकरू नका, गर्दीत छान फुलतं हे झाड. पाऊस सुरू व्हायच्या आसपास नवीन कोंब दिसले की निदान तीन-तीन कंदांचे गठ्ठे करायचे, कापलेल्या जागी हळद लावायची, एक दिवस सुकू द्यायचं आणि लावायचं. कधीकधी बी पडून शेजारच्या कुंडीत आपोआप रोप उगवतं, गवत समजून उपटू नका.

आणि एक. येऊरला किंवा नॅशनल पार्कात पावसाळ्यात हबेनारिया, नर्व्हिलिया अशा आपल्या सह्याद्रीतल्या जमिनीवरच्या आमरी, म्हणजे ऑर्किडच, दिसतात, त्या उपटून आणायच्या नाहीत. कायद्याने गुन्हा आहेच, पण तिथल्या मातीतल्या बुरशीवर त्यांचं बरंचसं चालतं, घरच्या कुंडीत सहसा जगत नाहीत. कोणी आधीच वाढवलेलं रोप दिलं तर मात्र एवढं लक्षात ठेवा की पाऊस संपला की पानं वाळून सगळं गायब होतं, कंद खाली झोपलेला असतो. कुंडी रिकामी समजून फेकू नका, त्यात मिरच्या-कोथिंबीर लावू नका, पाणी जवळजवळ बंद करून सावलीत सरकवून ठेवा आणि मे संपता संपता परत बाहेर काढा.