जाहिरात खालून वर वाचा : सोलापूरहून इंग्लंडला येणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी

दर सप्टेंबरला आणि जानेवारीला आपल्याकडची नवी मुलंमुली इकडे लीड्सला उतरतात. कुणी सोलापूरच्या वालचंद कॉलेजातून बी.ई. झालेलं, कुणी पुण्याच्या हिंजवडीत दोन-तीन वर्षं काढून एमएस्सीला आलेलं. खोली, बँक खातं, भाकरीचं पीठ कुठे मिळतं, हे सगळं ती आठवड्याभरात शोधून काढतात. अडतात ती नोकरीच्या जाहिरातीपाशी. आपल्या गावात एकच पोरगं घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी बोलतं, तेव्हा भाषेला घाबरणारी माणसं आपण नव्हे. पण इथल्या जाहिरातीत शब्द ओळखीचे असतात आणि अर्थ वेगळे, आणि ते कुणी सांगत नाही. मी सांगते.

जाहिरात खालून वर वाचा. वरचा भाग, म्हणजे 'आम्ही कोण, आमचं ध्येय काय, आमच्याकडे किती मजा', तो सगळ्यात शेवटी वाचला तरी चालेल. तुमचं भवितव्य ठरवणारी ओळ तळाशी, बारीक अक्षरांत असते. ती व्हिसाची ओळ.

तिचे चार प्रकार आहेत आणि ते एकसारखे दिसतात, म्हणून सावकाश वाचा. 'मस्ट हॅव द राइट टू वर्क इन द यूके' एवढंच लिहिलं असेल, तर अर्ज करा. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर तुम्हाला काम करायचा पूर्ण हक्क असतो. तरीही ही ओळ वाचून आपली मुलं परत फिरतात. 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा 'विदाउट टाइम लिमिट' असं पुढे जोडलं असेल, तर त्यांना बहुधा कायमचे रहिवासी किंवा नागरिक हवे असतात. स्पॉन्सरशिप म्हणजे कंपनीने तुमच्या कामाच्या व्हिसाची हमी घेणं. 'नो स्पॉन्सरशिप, नाऊ ऑर इन द फ्यूचर' म्हणजे आज घेतलं तरी व्हिसा संपला की तुमचा तुम्ही रस्ता बघा. पैशांची निकड असेल तर अशी नोकरी धरा, पण दुसरी शोधणं त्याच दिवसापासून सुरू ठेवा.

आणि चौथा प्रकार, 'स्पॉन्सरशिप मे बी कन्सिडर्ड फॉर द राइट कँडिडेट'. या ओळीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिने आपल्या एका पोराची सगळी घडी विस्कटलेली मी पाहिली आहे.

सोलापूरच्या जुना विडी घरकुल वस्तीतला मुलगा. आई विड्या वळायची, घर गहाण ठेवून शिक्षणाचं कर्ज काढलेलं. हुशार, कष्टाळू. एमएस्सी संपल्यावर एका छोट्या कंपनीत लागला. जाहिरातीत हीच ओळ होती. सहा महिन्यांचं प्रोबेशन उत्तम पार पडलं. त्याने साहेबाला विचारलं. उत्तर आलं, 'लीव्ह इट विथ मी.' इथे हे वाक्य रोज ऐकू येतं. त्याचा अर्थ 'बघतो' एवढाच असतो, 'करतो' असा नसतो. मी त्याला दोनदा म्हटलं, लेखी माग. तो म्हणाला, 'ताई, माणूस चांगला आहे, उगाच वाईट दिसेल.' माणूस खरंच चांगला असेलही. पण कंपनीकडे स्पॉन्सर करायचा परवानाच नव्हता, आणि तो काढायचा विचारही कुणी केला नव्हता. हे कळलं तेव्हा व्हिसाचे काही आठवडे उरले होते. दुसरीकडे दोन मुलाखती चालू होत्या, त्या वेळेत संपल्या नाहीत. परत जावं लागलं. कर्जाचा हप्ता पौंडांत कमावून फेडायचा होता, तो आता रुपयांत फेडतो आहे.

म्हणून सांगते. अर्ज करण्याआधी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरची परवानाधारक स्पॉन्सर कंपन्यांची यादी उघडा. ती सगळ्यांसाठी फुकट आहे आणि सतत अद्ययावत होते. कंपनीचं बाजारातलं नाव आणि नोंदणीचं नाव वेगळं असू शकतं. नोंदणीचं नाव कंपनीच्या संकेतस्थळाच्या अगदी तळाशी लिहिलेलं असतं, त्या नावाने शोधा. तेच नाव 'कंपनीज हाउस' या सरकारी कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या नोंदीतही टाकून पाहा: कंपनी कधी स्थापन झाली, हिशेब वेळेवर भरले का, संचालक कोण, सगळं तिथे फुकट दिसतं. दोन महिन्यांपूर्वी जन्मलेली कंपनी 'एस्टॅब्लिश्ड लीडर' म्हणवत असेल, तर तिथेच थांबा.

मग ऑफर आली की सही करण्याआधी ईमेलने विचारा: स्पॉन्सर करणार का, कोणत्या महिन्यात करणार, कोणत्या व्यवसाय-कोडखाली (म्हणजे तुमच्या कामाच्या प्रकाराला सरकारने दिलेला क्रमांक) आणि किती पगारावर. वाईट दिसत नाही. इथली माणसं लेखी विचारण्याला उद्धटपणा समजत नाहीत, उलट नीटनेटकेपणा समजतात. फोनवर बोलणं झालं असेल तरी त्याच संध्याकाळी 'आपलं असं बोलणं झालं' असा ईमेल टाका. संकोच आपल्या घरी ठेवून या.

पगाराचा प्रश्न का, तर जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाची, म्हणजे स्पॉन्सर केल्यावर मिळणाऱ्या कामाच्या व्हिसाची, सर्वसाधारण किमान पगाराची मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे, आणि तुमच्या कोडचा ठरलेला दर त्याहून जास्त असेल तर तो लागतो. प्रोग्रॅमरचा कोड २१३४. नुकतं शिक्षण संपवलेल्यांना आणि २६ वर्षांखालच्यांना सवलतीचा कमी दर असतो, पण ती सवलत ठरावीक वर्षांपुरती. हे आकडे बदलत राहतात, अर्जाच्या वेळी सरकारी पानावरच पाहायचे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही. ग्रॅज्युएट व्हिसाही आता आखडतो आहे: १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार, पीएचडीवाले वगळून. म्हणजे 'बघू पुढे' म्हणायला वेळच राहणार नाही.

'गॅरंटीड स्पॉन्सरशिप' असं लिहून पैसे मागणारा असेल, तर तो आपला माणूस असला, मराठी बोलत असला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आठवणी काढत असला, तरी उठून या. स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र विकत घ्यायची वस्तू नाही. ३१ डिसेंबर २०२४ पासून तर परवान्याची आणि त्या प्रमाणपत्राची फी कर्मचाऱ्याच्या माथी मारायलाही कंपनीला बंदी आहे. मला दुःख याचं होतं, की अशा जाळ्यात ओढणारे बहुतेक वेळा आपल्याच देशाचे असतात, कारण परक्याकडे आपण इतक्या विश्वासाने जातच नाही.

आता सुरक्षा तपासणीचे शब्द. इथे सगळ्यात मोठा गोंधळ 'सीटीसी'चा. आपल्याकडे सीटीसी म्हणजे वर्षाचं पॅकेज. इथे जाहिरातीत 'सीटीसी रिक्वायर्ड' दिसलं, तर ते काउंटर टेररिस्ट चेक. पगाराशी त्याचा काही संबंध नाही, आणि त्यासाठी साधारण तीन वर्षं या देशात वास्तव्य लागतं. 'एससी' म्हणजे सिक्युरिटी चेक, साधारण पाच वर्षं. 'डीव्ही', म्हणजे डेव्हलप्ड व्हेटिंग, त्याच्याही पुढचं, ते सध्या विसरा. 'एससी क्लिअर्ड' म्हणजे तपासणी आधीच झालेला आणि 'एससी एलिजिबल' म्हणजे तपासणीला पात्र, पण नुकत्या आलेल्याला दोन्ही बंद. 'बीपीएसएस' मात्र वेगळं. ती ओळख, काम करायचा हक्क, मागच्या नोकऱ्या आणि गुन्ह्यांची नोंद यांची साधी पडताळणी आहे. ती वाचून माघार घेऊ नका. पुण्याच्या कंपनीची रिलीव्हिंग आणि अनुभवाची पत्रं जपून आणलेली असली की निभावतं.

'फ्रेशर' हा शब्द सीव्हीवरून काढून टाका. इथे फ्रेशर म्हणजे विद्यापीठात नुकता पाय ठेवलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. तुम्ही 'ग्रॅज्युएट' किंवा 'ज्युनियर'.

'टू इयर्स कमर्शियल एक्स्पिरियन्स' वाचून काहींना वाटतं, खरेदी-विक्रीचा अनुभव मागताहेत. तसं नाही. पगार घेऊन, खऱ्या ग्राहकासाठी लिहिलेल्या कोडचा अनुभव. हिंजवडीची दोन वर्षं इथे पूर्ण मोजली जातात, ती ठसठशीत लिहा. कॉलेजचा प्रोजेक्ट मोजला जात नाही. आणि 'इसेन्शियल'च्या यादीतलं बहुतेक सगळं हवं, 'डिझायरेबल'मधलं निम्मं असलं तरी अर्ज करा. आपल्या मुली यादीतली एक गोष्ट नसली तरी अर्ज सोडून देतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता रागावते.

'टू-वन' म्हणजे पदवीचा वरचा दुसरा वर्ग. आपला प्रथम वर्ग बहुतेक ठिकाणी त्याच्या तोडीचा धरतात. सीजीपीए सोबत टक्केवारीही लिहा.

पगाराची ओळ. इथे लिहितात तो मूळ वार्षिक पगार, त्यात कंपनीचा पेन्शनचा वाटा धरलेला नसतो. 'सर्का ४० के' म्हणजे ४०,००० पौंडांच्या आसपास. 'डीओई' म्हणजे अनुभवाप्रमाणे, नवख्यासाठी खालचा आकडा. 'अप टू' लिहिलं असेल तर वरचा आकडा तुमचा नाही असंच धरून चला. 'कॉम्पिटिटिव्ह' लिहून आकडाच दिला नसेल, तर पहिल्या फोनवरच विचारा. 'ओटीई' दिसलं तर जपून, तो विक्रीच्या कामाचा शब्द: ठरलेलं लक्ष्य गाठलं तरच तेवढे पैसे. 'प्रो राटा' म्हणजे अर्धवेळ काम, आकडा मात्र पूर्णवेळेचा छापलेला. ४०,००० वर कर आणि नॅशनल इन्शुरन्स जाऊन महिन्याला साधारण २,६९० पौंड हातात येतात, पेन्शन कापायच्या आधी. रुपयांत गुणाकार करून घरी सांगू नका. त्यातून भाडं, बस आणि हीटिंग जातं, ते घरच्यांना दिसत नाही.

सुट्टीची ओळ एकदाच नीट वाचा: 'बँक हॉलिडेज' म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या. '२८ डेज इन्क्लुडिंग बँक हॉलिडेज' हे कायद्याचं किमान आहे, '२५ डेज प्लस बँक हॉलिडेज' म्हणजे इंग्लंडात ३३.

'पर्म' म्हणजे कायम नोकरी. 'एफटीसी' म्हणजे ठरावीक मुदतीची. 'डे रेट, आउटसाइड आयआर३५' असली जाहिरात दिसली, की दिवसाला ४०० पौंड वाचून डोळे फिरतात. आयआर३५ हा २००० सालापासूनचा कराचा नियम, कंत्राटी माणूस खरोखर स्वतंत्र आहे की नोकरदारासारखाच, हे बघणारा. 'आउटसाइड' म्हणजे तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक: रजा नाही, पेन्शन नाही, स्वतःच्या कंपनीचा हिशेब तुमचा तुम्ही. 'इनसाइड' म्हणजे कर नोकरदारासारखा कापला जाणार, बहुधा 'अम्ब्रेला' म्हणजे मधे राहून तुमचा पगार काढणाऱ्या कंपनीमार्फत, हक्क मात्र त्या मूळ कंपनीच्या नोकरदाराचे नाहीत. स्पॉन्सरशिप दोन्हीकडे मिळेल अशी आशा धरू नका. आणि विद्यार्थी व्हिसावर असाल तर स्वतंत्र व्यवसाय करायला सक्त मनाई आहे, घरी बसून एखादी वेबसाइट करून देणंसुद्धा त्यातच आलं.

आता वरचा, सजवलेला भाग. निन्जा, रॉकस्टार, गुरू मागणाऱ्या कंपन्या बहुधा लहान आणि धावपळीच्या. 'वेअर मेनी हॅट्स' म्हणजे कोड तुम्ही लिहायचा, सर्व्हर तुम्ही सांभाळायचा, ग्राहकाचा फोनही तुम्ही घ्यायचा. शिकायला मिळतं, वर्षभर करायला हरकत नाही. 'ऑन-कॉल', म्हणजे कामाच्या वेळेबाहेरही बिघाड झाला की हजर व्हायची पाळी, असेल तर किती आठवड्यांतून एकदा आणि त्याचे वेगळे पैसे किती, हे विचारा. 'वर्क हार्ड, प्ले हार्ड' म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी पब. न पिणाऱ्यांनी लिंबू-सोडा घेऊन बसावं, कुणी विचारत नाही, पण अजिबात न जाणं मात्र लक्षात राहतं.

'ग्रीनफील्ड' म्हणजे कोरं, नवं काम. 'समथिंग ऑफ अ लेगसी एस्टेट' म्हणजे जुना कोड, आणि भरपूर. इंग्रज माणूस मोठी गोष्ट छोटी करून सांगतो, 'अ बिट' लिहिलं असेल तिथे 'बरंच' वाचा. पण जुन्या कोडला नाक मुरडू नका. सोलापुरी चादर घेताना आपण लेबल बघत नाही, हातात घेऊन वजन आणि वीण बघतो. नोकरीतही पाया बघा. जुना कोड असतो तो मोठ्या, मुरलेल्या कंपन्यांकडे, आणि माझ्या पाहण्यात आपल्या मुलांना स्पॉन्सर केलं ते बहुतेक त्यांनीच.

'वी ट्रेन अँड डिप्लॉय ग्रॅज्युएट्स' या ओळीपाशी थांबा. तीन महिने प्रशिक्षण, मग ग्राहकाच्या ऑफिसात, आणि मुदतीआधी सोडलं तर प्रशिक्षणाचे पैसे परत. पुण्यातल्या बाँडचंच हे रूप. करार पूर्ण वाचल्याशिवाय सही नको, रक्कम कितीही लहान वाटो.

शेवटी एजन्सी. बऱ्याच जाहिराती कंपनी देत नाही, भरती करणाऱ्या एजन्सी देतात, आणि 'अवर क्लायंट, अ लीडिंग फिनटेक' एवढंच लिहितात. एकच जागा तीन एजन्सींनी तीन शब्दांत छापलेली असते. दोघांनी तुमचा सीव्ही एकाच कंपनीला पाठवला, तर भांडण नको म्हणून कंपनी तुम्हालाच बाजूला ठेवते. म्हणून फोनवर आधी क्लायंटचं नाव विचारायचं, नाव कळल्याशिवाय सीव्ही पुढे पाठवायला परवानगी द्यायची नाही, आणि कोणत्या एजन्सीने कुठे पाठवला याची वही ठेवायची. नाव सांगायला का-कू करणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. तीच जागा दुसरीकडे सापडते.